व्हायोलिनची तार: आधी पट्टी, मग पाकीट

(कळवण येथे झालेल्या जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न दिले आहेत.)



विषय वाचून काही जणांना वाटलं असेल, तारेवर तासभर बोलायचं तरी काय? तुटली की नवी लावायची, संपलं. (हशा) तसं असतं तर मीही घरीच बसलो असतो. पण समोर बरीच शिकणारी मुलं दिसताहेत, पालक दिसताहेत, म्हणून सुरुवातीलाच मुद्द्याचं सांगतो. मूल बेसुर वाजवतंय म्हणून त्याला रागावण्याआधी एक प्रश्न विचारा: तारा शेवटच्या कधी बदलल्या होत्या? आणि दुसरा: या तारा आपल्या पट्टीसाठी घेतल्या होत्या का?

हे एवढं महत्त्वाचं का, ते बघा. पेटीवर बोट ठेवलं की सूर तयार असतो. सितारीला पडदे असतात. व्हायोलिनला पडदेच नाहीत. सूर कुठे आहे ते बोट शोधतं आणि कान ठरवतो. म्हणजे रोजच्या रियाजात तार त्या मुलाच्या कानाला शिकवत असते. तारच खोटी असेल तर कान खोटं शिकतो. पुढे तार बदलता येते हो, पण दोन वर्षांत बसलेली बोटाची सवय बदलायला फार त्रास पडतो. म्हणून तारेचा विषय हा दुरुस्तीचा नाही, शिक्षणाचा आहे.

तुणतुण्याकडून शिकण्यासारखं

आपल्याच तालुक्यात सप्तशृंगीचा गड आहे. गोंधळी मंडळी संबळाच्या जोडीला तुणतुणं धरतात ते तुम्ही पाहिलंय. त्याला तार एकच. आणि ती कशाला मिळवतात? गाणाऱ्याच्या गळ्याला. गळा उंच असेल तर खुंटी पिळायची, खाली असेल तर सैल करायची. आधी गळा, मग तार. सितारवाल्याचंही तसंच. तो दुकानात गेला की तारेचा नंबर सांगतो, अमुक जाडीची पोलादी, तमुक जाडीची पितळी.

व्हायोलिनवाला मात्र दुकानात जातो आणि म्हणतो, "एक सेट द्या." (हशा) इथेच गडबड होते. कारण तो सेट तुमच्या सुरासाठी बनवलेलाच नसतो.

व्हायोलिनच्या चार तारा जाडीपासून बारकीपर्यंत जी, डी, ए, ई या नावाने विकल्या जातात. पेटीच्या भाषेत सांगायचं तर पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा आणि पांढरी तीन. 'ए' तार सेकंदाला ४४० कंपनं, 'ई' तार सुमारे ६५९. कारखान्यात तारेची जाडी, वजन, गुंडाळी सगळं या चार सुरांसाठी ठरवलेलं असतं. तेवढ्या सुराला चढवली की प्रत्येक तारेवर ठरावीक ताण येतो. ढोबळमानाने 'ई'वर आठ किलोच्या आसपास, बाकीच्यांवर चार ते साडेपाच किलो. चौघींचा मिळून साधारण २२ किलो.

आपण काय करतो? आपल्याकडे व्हायोलिन ख्यालगायकीच्या अंगाने रुजलं. गजाननराव जोशी स्वतः गवई होते आणि व्हायोलिनही वाजवायचे. व्ही. जी. जोग, पुढे डी. के. दातार, या मंडळींनी हे वाद्य आपल्या मैफिलीत स्थिर केलं. वाद्य तेच राहिलं, तारांची नावंही तीच राहिली, पण मिळवणी बदलली. आपण षड्ज-पंचमात मिळवतो. कुणी जाड तारेपासून सा-प-सा-प, कुणी प-सा-प-सा. तुमच्या गुरूंची जी पद्धत असेल ती. पण सेट तर जी-डी-ए-ईचाच आणला. मग त्या तारेवर काय गुदरतं?

थोडं गणित, घाबरू नका

तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाप्रमाणे बदलतो. सूर थोडा उतरवला की ताण बराच उतरतो. पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या मिळून मोजा. एक पट्टी उतरवली तर ताण सुमारे ११ टक्के कमी. दोन उतरवल्या तर २१ टक्के. चार उतरवल्या तर ३७ टक्के. आणि सहा उतरवल्या तर थेट निम्मा. चढवतानाही तसंच. एक पट्टी चढवली तर १२ टक्के जास्त, दोन चढवल्या तर २६, तीन चढवल्या तर ४१ टक्के.

आता उदाहरण घेऊ. प-सा-प-सा मिळवणी आणि षड्ज पांढरी दोन. 'डी' आणि 'ए' जिथल्या तिथे राहतात. 'ई' दोन पट्ट्या उतरते, म्हणजे २१ टक्के सैल. आणि जाड 'जी' तार दोन पट्ट्या चढते, २६ टक्के जास्त घट्ट. एकाच वाद्यावर एक तार कण्हतेय आणि दुसरी लोंबतेय.

षड्ज पांढरी एक केला तर? 'जी' जागेवर, 'डी' आणि 'ए' २१ टक्के सैल, 'ई' ३७ टक्के सैल. हे चालण्यासारखं आहे, कारण निदान कुठलीच तार जास्त ताणलेली नाही.

सा-प-सा-प मिळवणीत षड्ज पांढरी पाच ठेवला तर 'जी', 'डी' जागेवर आणि वरच्या दोन तारा फक्त २१ टक्के सैल. उत्तम. काळी चारला गाणाऱ्या ताईंची साथ करायची असेल तर हीच मिळवणी एक पट्टी वर. खालच्या दोन तारा १२ टक्के घट्ट, वरच्या दोन ११ टक्के सैल. निभावतं.

काळी पाच मात्र अडचणीची. सा-प-सा-प लावली तर खालच्या दोन्ही तारा तीन-तीन पट्ट्या चढतात, तेव्हा तो नाद सोडा. प-सा-प-सा लावली तर सगळंच सैल, 'ई' तर निम्म्यावर. तिथे जड ताणाच्याच तारा लागतात.

आता कुणी म्हणेल, सैल तार तर बरी, मींड छान निघते. बरोबर आहे. आपल्या संगीताला किंचित सैल तार मानवते, बोट सरकतं, गमक निघते. पण मर्यादेपर्यंतच. फार सैल तारेवर गज दाबला की सूर वर सरकतो, सोडला की खाली येतो. म्हणजे गजाच्या वजनावर सूर बदलतो. मुलाला वाटतं आपलं बोट चुकलं. ते बोट सरकवतं. दुसऱ्या क्षणी पुन्हा चुकतं. बोट बिचारं निर्दोष असतं.

पाकिटावर काय बघायचं

पाकिटावर तीनपैकी एक शब्द असतो: लाइट, मीडियम किंवा हेवी. जर्मन-ऑस्ट्रियन कंपन्यांच्या पाकिटावर 'वाइश', 'मिटल' आणि 'श्टार्क' असं छापलेलं असतं. काही ठिकाणी हेवीऐवजी 'स्ट्राँग' लिहितात. स्ट्राँग म्हणजे टिकाऊ नव्हे, बरं का! ती जास्त जड आणि जास्त ताणाची तार असते. पोरगं सारखी तार तोडतं म्हणून स्ट्राँग आणली, असं करू नका.

नियम सोपा आहे. जी तार तुम्ही मूळ सुरापेक्षा खाली उतरवणार, ती हेवी घ्या. जी वर चढवणार, ती लाइट घ्या. जी जागेवर राहणार, ती मीडियम. आणि तारा सुट्या मिळतात. सगळा सेट एकाच ताणाचा घेतला पाहिजे असा काही कायदा नाही.

पण हेवीने चमत्कार होत नाही हेही सांगतो. 'ई' तार मीडियम बहुधा ०.२६ मिलिमीटरची, हेवी ०.२७ची. एवढ्या फरकाने ताण आठ टक्क्यांनी वाढतो, जास्त नाही. म्हणून एकट्याने वाजवणार असाल तर आधी पट्टीच अशी निवडा की तारांना फार ओढाताण करावी लागू नये. प-सा-प-सा वाल्यांनी पांढरी एक ते पांढरी दोन, सा-प-सा-प वाल्यांनी पांढरी पाचच्या आसपास. मग पाकीट.

दुसरी गोष्ट, आकार. लहान मुलांची व्हायोलिन पाऊण, अर्धी, पाव मापाची असतात. तारही त्याच मापाची हवी. मोठ्या मापाची तार पाऊण व्हायोलिनला बसते खरी, पण लांबी कमी झाल्याने ताण दहा-पंधरा टक्क्यांनी घटतो, आणि गुंडाळीचा जाड भाग खुंटीवर येऊन चिरडतो.

तिसरी गोष्ट, तारेचा गाभा. पूर्वी तारा तांतीच्या असायच्या, मेंढीच्या आतड्याच्या. सारंगीला आजही तांत लावतात. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात जाड तारेवर धातूची गुंडाळी आली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास बारीक तार पोलादी होऊ लागली. आणि १९७० मध्ये व्हिएन्नाच्या थोमास्टिक-इनफेल्ड कंपनीने 'डॉमिनंट' ही नायलॉनसारख्या गाभ्याची तार आणली. आज बाजारात मुख्यतः दोन जाती दिसतात, पोलादी गाभा आणि कृत्रिम धाग्याचा गाभा.

पोलादी स्वस्त, टिकाऊ, हवामानाला कमी दाद देणारी, पण आवाज थोडा कडक. तिची खुंटी केसभर फिरवली तरी सूर उडी मारतो, म्हणून टेलपीसवर चारही तारांना फाइन ट्यूनर हवेत. डी'अ‍ॅडारिओचा 'प्रेल्यूड' सेट या जातीचा. कृत्रिम गाभ्याचा आवाज भरदार, गळ्याच्या जवळचा. पण ती महाग, आणि नवी असताना चार-पाच दिवस उतरत राहते. नवशिक्याला पोलादी पुरते. दोन-तीन वर्षं नेटाने वाजवणाऱ्याने कृत्रिम गाभ्याकडे जावं. नुसती तांत आपल्या हवेत, विशेषतः पावसाळ्यात, सांभाळणं कठीण.

तार मेली हे कसं ओळखायचं

तार तुटेपर्यंत थांबू नका. तार तुटण्याच्या खूप आधी मरते.

कारण काय? तारेचं वजन सगळ्या लांबीत सारखं असेल तरच तिचे उपस्वर बरोबर जागी बसतात. पण बोट जिथे रोज पडतं तिथे गुंडाळी झिजते, घाम आणि मळ बसतो. गज जिथे फिरतो तिथे राळ चिकटते. वजन कमी-जास्त झालं की तार स्वतःशीच बेसुर होते.

परीक्षा घरी करता येते. शेजारच्या दोन तारा सा-पमध्ये नीट मिळवा. आता एकच बोट दोन्ही तारांवर सरळ आडवं दाबा. तिथेही सा-पचंच नातं ऐकू आलं पाहिजे. बोट सरळ असूनही नातं बिघडलं तर एक तार खोटी आहे. दुसरी परीक्षा, तारेच्या बरोबर मध्यावर बोट नुसतं टेकवा आणि गज फिरवा, शिट्टीसारखा वरचा सा येईल. मग त्याच जागी दाबून वाजवा. दोन्ही सूर जुळले नाहीत तर समजायचं. शिवाय गुंडाळी उसवलेली, काळी पडलेली, बोटाला खरखरीत लागणारी तार लगेच काढा.

रोज तासभर रियाज असेल तर कृत्रिम गाभ्याच्या तारा सहा महिने ते वर्षभर, पोलादी त्याहून थोड्या जास्त. हा ढोबळ हिशेब आहे. वाजवून झालं की कोरड्या सुती फडक्याने तारा पुसल्या तर आयुष्य वाढतं. स्पिरिटने पुसू नका, एक थेंब पॉलिशवर पडला की पॉलिश विरघळतं.

बदलताना

आता सगळ्यात महत्त्वाचं. चारही तारा एकदम काढू नका. व्हायोलिनची घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबाने उभी असते. आत साउंडपोस्ट नावाची लाकडी कांडी असते, तीही चिकटवलेली नसते, वरच्या-खालच्या फळीत दाबून धरलेली असते. चारही तारा काढल्या की घोडी पडते, कांडीही पडू शकते. ती पडली तर घरी बसवता येत नाही, कारागीरच लागतो. कळवणहून नाशिक म्हणजे एस.टी.ने निदान दोन तास, आणि तिथे त्या दिवशी कारागीर भेटेलच असं नाही. एका घाईपायी मुलाचा आठवडाभराचा रियाज बुडतो.

म्हणून एक तार काढा, तिची नवी लावा, सुराच्या जवळ आणा, मगच दुसरी.

व्हायोलिन मऊ टॉवेलवर ठेवा. फाइन ट्यूनर आधी सैल करून घ्या. जुनी तार काढल्यावर तिची खाच, घोडीवरची आणि वर नटवरची, शिसपेन्सिलीने काळी करा. तार अडकत नाही. नव्या तारेचं टोक टेलपीसमध्ये बसवा. 'ई' तारेच्या टोकाला मणी आहे की फास, हे विकत घेतानाच बघा, तुमच्या टेलपीसला जे लागतं तेच घ्या. दुसरं टोक खुंटीच्या भोकात घालून गुंडाळी खुंटीच्या जाड बाजूकडे, पेटीच्या भिंतीकडे सरकत जाईल अशी गुंडाळा. वेढे एकावर एक चढू देऊ नका. फिरवताना खुंटी आत दाबत राहा.

'ई' तारेवर प्लास्टिकची बारीक नळी येते. ती घोडीवर यायला हवी, नाहीतर तार घोडीत रुतते. घोडीवर आधीच कातडीचा तुकडा चिकटवलेला असेल तर नळी बाजूला सरकवून ठेवा. दोन्ही एकदम ठेवले तर आवाज दबतो.

तारा चढवल्या की घोडी हळूहळू फिंगरबोर्डकडे झुकते. हे नेहमी होतं. प्रत्येक तारेनंतर बाजूने बघा. घोडीची टेलपीसकडची बाजू व्हायोलिनच्या वरच्या फळीवर काटकोनात उभी हवी. झुकली असेल तर तारा किंचित सैल करून दोन्ही हातांच्या बोटांनी हलकेच मागे घ्या. घोडी वाकडी राहिली तर ती कायमची वाकते.

सूर ऐकायला तानपुरा किंवा पेटी लावा. वरच्या सप्तकात चुकून चढवू नका, 'ई' तार अशीच तुटते. आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी नव्या तारा लावू नका, निदान आठवडा आधी लावा.

आपल्याकडच्या हवेचं एक सांगतो. उन्हाळ्यात लाकूड आकसतं, खुंट्या घसरतात. पावसाळ्यात फुगतं, खुंट्या अडकतात. घसरत असेल तर शाळेचा खडू किंचित लावा, अडकत असेल तर कोरडा साबण किंचित. तेल मात्र कधीही नाही. आणि मे महिन्यात व्हायोलिन पत्र्याच्या छताखाली किंवा बंद गाडीत ठेवू नका.

प्रश्नोत्तरे

एक पालक: सर, एकच तार तुटली तर पूर्ण सेट बदलायचा का?

बाकीच्या तारा नव्या असतील तर एकच बदला. सहा महिन्यांहून जुन्या असतील तर सेट बदला, कारण नवी तार जुन्यांमध्ये वेगळी ऐकू येते. काढलेल्यांपैकी बऱ्या तारा पाकिटात नाव लिहून ठेवा. आपल्यासारख्या तालुक्याच्या गावी हवी ती तार हव्या त्या दिवशी मिळेलच असं नाही. 'ई' तर जादा आणूनच ठेवा.

एक विद्यार्थिनी: सितारची तार लावली तर चालेल का?

चांगला प्रश्न आहे, ताई. फक्त सगळ्यात बारीक तारेपुरतं उत्तर देतो, कारण ती बहुधा एकेरी पोलादी असते. सितारीची बाजाची तार ०.३० मिलिमीटरची. ती व्हायोलिनवर वरच्या पांढरी एकला लावली तर ताण साडेसहा-पावणेसात किलो येतो. तिथे नेहमीच्या 'ई' तारेला फक्त पाच किलो मिळतो. म्हणजे षड्ज पांढरी एक असेल तर गणित बसतं. पांढरी दोनला सव्वाआठ-साडेआठ किलो, तेही ठीक. पण पांढरी तीनपर्यंत चढवली तर साडेदहा किलोच्या पुढे जातो, तिथे मुळीच नेऊ नका. फास घट्ट आणि नीट वळलेला हवा, घोडीवर कातडी हवी. आवाज थोडा कडक येईल. अडल्या वेळी चालेल, गुरूंना विचारून.

एक श्रोता: महागड्या तारा घेतल्या तर साधं व्हायोलिन चांगलं वाजेल?

थोडं, पण खर्चाइतकं नाही. साध्या वाद्याला मध्यम किमतीचा सेट घ्या आणि उरलेल्या पैशात घोडी, नट आणि खुंट्या कारागिराकडून नीट बसवून घ्या. खूप स्वस्तात मिळणारं नामांकित कंपनीचं पाकीट असेल तर सावध राहा, नकली माल भरपूर आहे.

जाता जाता एकच काम देतो. व्हायोलिनच्या पेटीत एक छोटी वही ठेवा. त्यात चार गोष्टी लिहा: तारेचं नाव, ताण, आपली पट्टी आणि लावल्याची तारीख. पुढच्या वेळी दुकानात गेलात की "एक सेट द्या" म्हणायची वेळ येणार नाही.